कारखान्याचं काम क्लाउडवर नेताना: दुसऱ्यांदा प्रयत्न करतोय, अनुभव हवेत

भोसरी_प्लॅनिंग

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचा एसपीएमचा कारखाना आहे. गिऱ्हाइकाला हवं तसं खास मशीन डिझाइन करायचं, बनवायचं, ट्रायल देऊन पाठवायचं, सोबत फिक्श्चरची (पार्ट जागेवर घट्ट धरणाऱ्या चौकटींची) कामं. माणसं ४८, एका वेळी दहा-बारा जॉब चालू. मी प्लॅनिंग बघते.

गेल्या वर्षी आम्ही क्लाउडवरचं एक प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेतलं आणि चार महिन्यांत ते कोणी उघडेनासं झालं. आता मालकांनी पुन्हा एकदा करून बघायला होकार दिलाय. या वेळी मला ते बुडू द्यायचं नाहीये, म्हणून आधी काय झालं ते सविस्तर लिहिते.

डेमो फार सुंदर होता. गँट चार्ट (कोणतं काम कधीपासून कधीपर्यंत ते दाखवणारा पट्ट्यांचा तक्ता), रंगीत डॅशबोर्ड, कोणाच्या डोक्यावर किती काम आहे ते एका नजरेत. त्याच आठवड्यात ४० जणांची लायसन्स घेतली, वर्षाचे पैसे एकदम भरले. दोन दिवस ट्रेनिंग झालं, तेही वरच्या मीटिंग रूममध्ये, इंग्रजी स्लाइडवर. पहिली ठेच लगेच लागली. सॉफ्टवेअर शनिवार-रविवार सुट्टी धरून चालत होतं. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, रविवारी कारखाना चालू. ते कॅलेंडर बदलावं लागतं हे कळेपर्यंत तीन जॉबच्या तारखा गिऱ्हाइकाला चुकीच्या कळवून झाल्या होत्या.

पण मुळातलं दुखणं वेगळं होतं. आढावा मीटिंग बुधवारी दुपारी चारला. एकदा मी नोंदींच्या वेळा काढून पाहिल्या, तर आठवड्याभराच्या बहुतेक नोंदी बुधवारी दोन ते पावणेचारच्या दरम्यान झालेल्या. सगळं हिरवं, म्हणजे वेळेवर. एका मशीनची असेंब्ली तीन आठवडे '८० टक्के'वर उभी. लाल, म्हणजे लांबलेलं, दिसलं की सगळ्यांसमोर बोलणी बसायची, म्हणून कोणी लाल होऊच देत नव्हतं.

आणि प्रत्यक्ष काम चालू होतं व्हॉट्सॲपवर. दर जॉबचा एक ग्रुप. एका फिक्श्चरच्या बेस प्लेटमध्ये डॉवेलचं (भाग अचूक जागी बसवणाऱ्या पिनेचं) भोक ४ मिमी सरकवायचं ठरलं. डिझाइनवाल्याने नवं ड्रॉइंग, रेव्हिजन २, सॉफ्टवेअरवर चढवलं आणि त्याच्या मते त्याचं काम संपलं. व्हीएमसीवाल्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच्या) मुलाच्या फोनमध्ये ग्रुपवरून उतरवलेली रेव्हिजन १ होती. रात्रपाळीत प्लेट तयार झाली. सकाळी फिटरने लोकेटर ठेवून पाहिला, तो बसेना. त्याने व्हर्निअर प्लेटवर आडवा ठेवला, काही न बोलता मला हाताने बोलावलं आणि नुसतं भोकाकडे बोट केलं. भोक बुजवून नवं मारलेलं त्या गिऱ्हाइकाला चालत नाही. प्लेट भंगारात, जॉब ११ दिवस लांबला.

तर विचारायचं ते हे. तुमच्याकडे ज्यांनी हे टिकवलं त्यांनी सुरुवात कुठून केली? मशीनवरच्या माणसाने नोंद करावी की सुपरवायझरने? आणि व्हॉट्सॲपचं काय केलंत?

हिंजवडीकर

सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. मी सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये हीच साधनं बसवण्याचं काम करतो, कारखान्याचा अनुभव नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

यातली बरीच साधनं आमच्यासारख्यांसाठी जन्मली. जिरा २००२ साली आलं ते मुळात सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवायला. बेसकँप २००४ चं, एका वेब डिझाइनवाल्या कंपनीने आपल्याच कामासाठी केलेलं. ट्रेलो २०११ चं, भिंतीवर चिठ्ठ्या लावाव्यात तसं. झोहो प्रोजेक्ट्स आपल्या चेन्नईच्या कंपनीचं. प्रत्येकात ते बनवणाऱ्याच्या कामाची सवय मुरलेली असते. टेबलावर दिवसभर संगणक उघडा असणाऱ्या माणसाला कार्ड सरकवायला दोन सेकंद लागतात. तुमच्या फिटरला हात पुसायचे, फोन काढायचा, लॉगिन करायचं, जॉब शोधायचा. म्हणून आधी नाव ठरवू नका. एक जॉब, पाच माणसं, सहा आठवडे, आणि शक्यतो फुकटच्या प्लॅनवर. त्यात काय लागतं आणि काय नुसतं शोभेचं आहे ते कळेल.

दुसरं, घेण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा. आपला डेटा बाहेर काढता येतो असं सगळेच सांगतात, पण बहुतेक वेळा बाहेर येतो तो एक्सेलसारखा तक्ता. कार्डाखालचं बोलणं, जोडलेली ड्रॉइंग, कोणी कधी काय बदललं, हे त्यात येतंच असं नाही. चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात एकदा सगळं बाहेर काढून स्वतः उघडून पाहा.

क्लाउड म्हटलं की बॅकअपची काळजी मिटली असंही समजू नका. एप्रिल २०२२ मध्ये जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनच्या एका स्क्रिप्टला चुकीचे क्रमांक दिले गेले आणि ७७५ गिऱ्हाइकांच्या साइटच पुसल्या गेल्या. शेवटच्या गिऱ्हाइकाचं परत मिळेपर्यंत जवळपास दोन आठवडे गेले. एवढी मोठी, बॅकअप असलेली कंपनी, तरी एकेकाचं वेगळं काढून परत बसवायला तेवढा वेळ लागला. दर आठवड्याला चालू जॉबची यादी तुमच्या स्वतःच्या मशीनवर उतरवून ठेवा.

सातपूरचा_निवृत्त

ताई, मी ३४ वर्षं प्रॉडक्शन कंट्रोलमध्ये काढली, त्यातली वीसेक संगणक नसताना. भिंतीवर मोठा पत्र्याचा बोर्ड, त्यात खाचा, खाचेत टी-कार्ड. आडवे आठवडे, उभी मशीनं. ते कार्ड सरकवायचं काम ठरलेल्या एकाच माणसाचं असायचं. सकाळी शॉपमध्ये एक चक्कर मारून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून तो कार्ड सरकवायचा. त्यामुळे बोर्ड खोटं बोलायचा नाही.

तुमच्याकडे ४० जणांना लायसन्स दिलं म्हणजे ४० जणांवर ती जबाबदारी टाकली. चाळीस जणांची जबाबदारी कोणाचीच नसते.

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती बुधवारी दोन ते पावणेचारची गोष्ट. लाल दिसल्यावर तुमचे मालक काय करतात, हे सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यांच्याशी बसून ठरवा. लाल दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न 'का झालं?' असा गेला की पुढच्या आठवड्यात लाल येणार नाही. 'तुला काय हवंय?' असा गेला तर येईल. आमच्याकडे एक वर्क्स मॅनेजर होते, ते लाल कार्डापाशी जाऊन उभे राहायचे आणि तिथूनच स्टोअरला किंवा परचेसला फोन लावायचे. वर्षभरात लोक आपणहून लाल कार्ड लावू लागले, कारण त्याने काम हलायचं. हे मी घडताना बघितलंय.

ती टक्केवारी काढून टाका. झालं किंवा नाही झालं, एवढंच ठेवा. ८० टक्के असेंब्ली म्हणजे काय ते असेंब्लीवाल्यालाही सांगता येत नाही.

आणि कानबान बोर्ड, कानबान बोर्ड असं सगळे म्हणतात म्हणून सांगतो. टोयोटात ताइची ओनोंनी जे बसवलं त्यात कार्ड हे पुढच्याने मागच्याकडे केलेली मागणी होती. कार्ड आलं नाही तर मागच्याने माल बनवायचा नाही. म्हणजे हातात किती काम घ्यायचं याला त्यात कुलूप होतं. नुसते रकाने करून चिठ्ठ्या सरकवल्या तर ते कुलूप हरवतं. तुमच्या असेंब्लीत एका वेळी किती मशीनं उघडी असतात?

सेकंड_शिफ्ट

मी चाकणला सुपरवायझर आहे, सेकंड शिफ्ट. मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण दुसऱ्या बाजूचंही कोणीतरी लिहायला पाहिजे.

आमच्याकडे असंच ॲप आलं. आम्हाला सांगितलं, काम सोपं होईल. दोन महिन्यांनी इन्क्रिमेंटच्या वेळी एचआरने एक कागद पुढे ठेवला. कोणाचं टास्क किती तास उघडं होतं त्याची यादी. माझ्या एका ऑपरेटरचं एक टास्क १९ तास उघडं दाखवत होतं. का, तर कार्बाइड इन्सर्ट (मशीनच्या टूलची धातू कापणारी टोकं) संपले होते आणि स्टोअरला दुसऱ्या दिवशी आले. ते ॲपमध्ये कुठे लिहायचं? रकानाच नव्हता. पोराची बढती राहिली. त्या दिवसापासून आमची सगळी शिफ्ट काम संपल्यावरच टास्क चालू करते आणि लगेच बंद करते. आकडे छान येतात.

हात तेलाचे, कूलंटचे असतात. माझी पोरं बोटाच्या पेराने, म्हणजे वरच्या सांध्याने, स्क्रीनवर टिचकी मारतात. त्याने मोठं बटण दाबता येतं, टाइप काय होणार? त्यात पासवर्ड दर महिन्याला बदला म्हणे. बारावी झालेला हुशार पोरगा, मायक्रॉनमध्ये माप घेतो, तो त्या लॉगिनपुढे सगळ्यांसमोर अडाणी ठरतो. हे मला फार लागलंय.

तुम्हाला खरंच टिकवायचं असेल तर पहिल्या दिवशी मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगावं, की यातली एकही नोंद कोणाच्या पगाराला, बढतीला लागणार नाही. आणि मग तो शब्द पाळावा.

भोसरी_प्लॅनिंग

सेकंड_शिफ्ट दादा, वाईट मुळीच वाटलं नाही. तुमची पोस्ट मी आज मालकांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रविवारी सकाळी मी स्वतः शॉपमध्ये सांगतो.

काका, असेंब्लीत सध्या सहा मशीनं उघडी आहेत आणि फिटर आठ. लिहितानाच उत्तर दिसतंय.

श्टुटगार्टहून

वरच्या पाळतीच्या मुद्द्यावर इथला अनुभव सांगतो. मी जर्मनीत मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे. इथे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, बेट्रीब्सराट म्हणतात. कामगाराचं वागणं किंवा कामगिरी टिपू शकेल असं कोणतंही तांत्रिक साधन आणायचं असेल तर त्या मंडळाची संमती लागते. कायद्याचं ८७ वं कलमच आहे त्यासाठी. आमच्याकडे असं सॉफ्टवेअर आणताना लेखी करार झाला: कोणता अहवाल कोण पाहणार, माणसागणिक तुलना काढायची नाही, जुन्या नोंदी किती दिवसांनी पुसायच्या. त्याला वेळ गेला तेव्हा मी वैतागलो होतो. पण करार झाल्यावर लोकांनी पहिल्या दिवसापासून बिनधास्त खरं भरलं. तुमच्याकडे तसा कायदा नसला तरी एका पानाचा असा कागद करून नोटीस बोर्डावर लावायला कोणाची हरकत आहे?

आणखी एक. तुमची गिऱ्हाइकं गाडीवाल्या कंपन्या असतील तर पुरवठादार म्हणून तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असणार. ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला त्यात मनाई आहे का ते आधी वाचा. जर्मन गाडीवाले पुरवठादारांकडून टिसॅक्स नावाचं माहिती-सुरक्षेचं मूल्यांकन मागतात, त्यातही हे सगळं येतं. कार्डावर ड्रॉइंग नंबर आणि रेव्हिजन लिहा, ड्रॉइंग मात्र तुमच्याच सर्व्हरवर एकाच जागी ठेवा. तुमच्या डॉवेलच्या घोळालाही याने आळा बसेल, कारण ग्रुपवर पाठवायला पीडीएफच हातात राहत नाही.

हिशेबनीस

मी सीए आहे, पैशाच्या बाजूने लिहितो. या गोष्टी नंतर कळतात आणि तेव्हा त्रास होतो.

परदेशी कंपनीकडून सेवा घेतली तर जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्याला रिव्हर्स चार्जने १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी रोख भरावा लागतो आणि पुष्कळ छोटे कारखाने ते विसरतात. सॉफ्टवेअरच्या खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक पहिल्या दिवशीच टाका. नाहीतर तुम्हाला सामान्य ग्राहक समजून बिलातच कर लागतो आणि त्याचं क्रेडिट हातचं जातं.

दुसरं कार्डाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. माझ्या एका अशिलाचं असं झालं: कार्ड मालकाच्या नावाचं, मालक गावी, रक्कम मर्यादेच्या वर. पैसे कापले गेले नाहीत, आठवण करून देणारे मेल कोणी न पाहणाऱ्या पत्त्यावर जात राहिले आणि एका सकाळी सगळ्यांचं खातं फक्त वाचण्यापुरतं उरलं. नेमका डिस्पॅचचा आठवडा. भारतातून रुपयांत बिल देणारा विक्रेता असेल, तर हे दोन्ही प्रश्न पुष्कळ हलके होतात.

खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडा, एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी मेलवर कधीही नको. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या जीमेलवर सगळ्या कारखान्याची मालकी अडकलेली मी पाहिली आहे. ती परत मिळवायला दोन महिने आर्जवं करावी लागली.

पाणलोट

आम्ही कारखानेवाले नाही. धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद)-लातूर भागात पाणलोटाची कामं करणारी छोटी संस्था आहे. पण 'लोकांना सामील कसं करायचं' हा प्रश्न आमचाही होता, म्हणून लिहिते.

२३ गावं, दर गावात एक कार्यकर्ता. माथा ते पायथा कामं: समतल चर, दगडी बांध, नाला खोलीकरण. मापं घ्यायची, फोटो काढायचे, मस्टर भरायचं. पूर्वी महिनाअखेरीला सगळे कागद घेऊन ऑफिसात यायचे. आम्ही फुकटचा कार्डांचा बोर्ड घेतला. गावाचं एक कार्ड.

पहिला धडा रेंजचा. माथ्यावर रेंज नाही. ॲप उघडंच होत नसेल तर कार्यकर्ता दोनदा प्रयत्न करतो, तिसऱ्यांदा करत नाही. आम्ही चार ॲपं फोन 'विमान मोड'ला टाकून तपासली. नोंद ऑफलाइन घेऊन रेंज आल्यावर आपोआप पाठवणारं तेवढं ठेवलं. तुमच्या शॉपमध्ये पत्र्याचं छप्पर आणि मशीनांच्या गर्दीत वायफाय कुठे कुठे मरतं, ते फोन हातात घेऊन चालत बघा.

दुसरा धडा भाषेचा. बटणं इंग्रजीत असली तरी लोक चालवून घेतात, जागा लक्षात राहते. पण आतला मजकूर आमच्या भाषेत हवा. 'पेंडिंग फॉर अप्रूव्हल'च्या जागी आम्ही 'तालुक्याच्या सहीसाठी थांबलंय' असं लिहिलं. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की टाइप होतं, हे दाखवल्यावर तर जे कार्यकर्ते एक ओळ लिहीत नव्हते ते परिच्छेद पाठवू लागले. एका ताईंनी पहिल्यांदा बोलून लिहिलं ते मला पाठ आहे: 'पोकलेन दोन दिवस झाले आलं नाही डिझेल गावाने भरायचं ठरलं होतं पण सरपंच म्हणतात नंतर.' आधीच्या सहा महिन्यांत एवढी उपयोगाची नोंद कोणी केली नव्हती. विरामचिन्हं नव्हती, ती काय करायचीत?

तिसरं, त्यांना काय परत मिळतं ते बघा. आमच्या कार्यकर्त्यांना प्रवासखर्चाचं कुठवर आलं ते त्याच बोर्डावर दिसू लागलं. मग ते रोज उघडू लागले.

शिरोली_फाउंड्री

पाणलोट ताईंच्या तिसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आमच्याकडे पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनतात तिथे) माणसं बोर्ड बघू लागली ती 'उद्या कोणतं बॉक्स लागणार' हे आदल्या दिवशी दिसायला लागल्यावर.

एक सावधगिरी: कार्ड कशाचं करायचं ते नीट ठरवा. आम्ही आधी प्रत्येक कास्टिंगचं कार्ड केलं. पंधरा दिवसांत ६०० कार्डं झाली आणि बोर्ड उघडायचीच भीती वाटू लागली. आता एका पॅटर्नचं एक कार्ड. बाकी सगळं हीटच्या (भट्टीतल्या एकेका वितळणीच्या) रजिस्टरमध्ये, जिथे ते आधीपासून नीट लिहिलं जातंच आहे. जे कागदावर बरं चाललंय त्याला हात लावायची गरज नाही.

भोसरी_प्लॅनिंग

मंडळी, चार महिने झाले. तुम्ही सांगितलंत तसं करून काय झालं ते लिहायला आले आहे.

मालक खरंच रविवारी सकाळी शॉपमध्ये आले. मी लिहून दिलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की नोंदीवरून कोणाचा पगार ठरणार नाही, आणि लाल दाखवल्याबद्दल मी कोणाला बोललो तर मला तिथेच थांबवा. तेच एका पानावर लिहून, सही करून टाइम ऑफिसबाहेर लावलंय.

साधन कोणतं घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तसं कोणतंही चाललं असतं. साधा कार्डांचा बोर्ड आहे. गँट चार्ट फक्त मी आणि डिझाइन हेड बघतो, गिऱ्हाइकाला तारीख देण्यापुरता. लिहिणारी खाती नऊ, बाकी सगळे बघणारे.

शिरोलीकरांचा इशारा आमच्या फार कामी आला. एका मशीनमध्ये ३००-४०० पार्ट असतात. कार्ड युनिटचं केलं: बेस, कॉलम, स्लाइड, टूलिंग, इलेक्ट्रिकल पॅनेल, हायड्रॉलिक्स वगैरे. एका मशीनची सात-आठ कार्डं. फक्त हार्डनिंगला (कडक करायला), ब्लॅकनिंगला (काळा थर द्यायला) बाहेर जाणाऱ्या पार्टचं वेगळं कार्ड, कारण आमचं सगळ्यात जास्त काम हरवतं ते तिथे. गेट पासचा नंबर त्या कार्डावर टाकल्याशिवाय आता गेटमधून माल सुटत नाही. याने काय दिसलं माहितीये? जॉबवर्कवाला, म्हणजे हे बाहेरचं काम करून देणारा, उशीर करतो असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. नोंदी सांगतात, तो तीन दिवसांत देतो. आमच्याकडेच पार्ट मशीनवरून उतरल्यावर पाठवायला गाडी भरेपर्यंत चार-चार दिवस पडून असतात. मी त्या माणसाला फोन करून माफी मागितली. आता टेम्पो एक दिवसाआड जातो, भरलेला असो नसो.

रेव्हिजनचं श्टुटगार्टकरांनी सांगितलं तसंच केलं. ड्रॉइंग आमच्या सर्व्हरवर, प्रत्येक मशीनपाशी एक टॅब्लेट. जॉब कार्डावर क्यूआर स्टिकर, स्कॅन केला की चालू रेव्हिजनच उघडते. लॉगिन टॅब्लेटचं, माणसाचं नाही. त्यामुळे पेराने टिचकी मारली तरी चालतं. खाली तीनच बटणं आहेत: चालू, झालं, अडलंय. 'अडलंय' दाबलं की पाच कारणं येतात. माल नाही, टूल नाही, ड्रॉइंगची शंका, मशीन बंद, दुसरं काही. 'टूल नाही' हे सेकंड_शिफ्ट दादांच्या त्या ऑपरेटरसाठी आहे.

काका, असेंब्लीत आता चारच मशीनं उघडायची असं ठरवलं. पहिला महिना फार जड गेला. सेल्सवाल्यांना वाटत होतं की आम्ही काम अडवतोय, आणि एका गिऱ्हाइकाला मशीन अजून सुरूच झालं नाही हे सांगताना माझा आवाज कापत होता. पण चार उघडी असताना दर मशीनवर दोन फिटर पूर्णवेळ राहतात. तिसऱ्या महिन्यात दोन मशीनं सांगितलेल्या तारखेला गेली. सगळी नाही गेली. एक नऊ दिवस लांबलं, पण या वेळी गिऱ्हाइकाला तीन आठवडे आधी सांगू शकलो.

व्हॉट्सॲप बंद केलं नाही, करता येणारही नाही. 'इकडे या', 'क्रेन मोकळी आहे का', हे तिथेच. तारीख, ड्रॉइंग आणि माप मात्र ग्रुपवर टाकायचं नाही. सुरुवातीला कोणी टाकलं की मी तिथे न रागावता 'कार्डावर टाकलंय' एवढंच लिहून ते स्वतः कार्डावर चढवत होते. दीड महिना रोज हे केलं. कंटाळवाणं होतं, पण दुसरा उपाय मला तरी दिसला नाही.

बुधवारची मीटिंग बंद केली. रोज सकाळी सव्वानऊला शॉपमधल्या टीव्हीसमोर बारा मिनिटं उभं राहायचं, फक्त लाल कार्डं बोलायची. परवा आमच्या सगळ्यात ज्येष्ठ फिटरने, ज्यांनी त्या दिवशी व्हर्निअर आडवा ठेवला होता त्यांनीच, माइक दाबून स्वतः लिहिलं: 'बारा नंबरची डॉवेल पिन स्टोअरमध्ये नाही दहाची वापरू नका मी थांबतो.' मालकांनी तिथूनच परचेसला फोन लावला.

अजून न सुटलेलं: डिझाइनमधली मुलं. त्यांचं काम युनिटमध्ये मोडत नाही, आणि 'अडलंय' दाबायला त्यांना संकोच वाटतो. ऑपरेटर बिनधास्त दाबतात, इंजिनिअर दाबत नाहीत. यावर कोणाचा अनुभव असेल तर हवा आहे.

हिंजवडीकर

डिझाइनवाल्यांचं दुखणं ओळखीचं आहे, आमच्याकडे सगळे तेच आहेत. अडलंय म्हटलं की 'मला येत नाही' असं वाचलं जाईल ही भीती असते. शब्द बदलून पाहा. त्यांच्या बोर्डावर 'कोणाशी बोलायचंय' असं बटण द्या आणि पुढे नाव निवडायला लावा. आणि डिझाइन हेडने आठवडाभर रोज स्वतः ते पहिल्यांदा दाबावं.

सातपूरचा_निवृत्त

ताई, जॉबवर्कवाल्याला फोन केलात ते वाचून फार बरं वाटलं. असेंब्लीत चार मशीनांवरून तीनवर जायची घाई करू नका, दिवाळी जाऊ द्या.

सेकंड_शिफ्ट

मॅडम, 'टूल नाही' वाचलं. त्या पोराला दाखवलं. आमचे प्लांट हेड तयार आहेत, पण त्यांना चालू असलेलं डोळ्यांनी बघायचंय. सकाळी तुम्ही उभे राहता तेव्हा आम्ही दोघं आलो तर चालेल का?

भोसरी_प्लॅनिंग

जरूर या. गुरुवार सोडून कधीही, नऊपर्यंत पोचा. गेटवर सांगून ठेवते. सेफ्टी शूज घालून या, आणि त्या ऑपरेटरलाही घेऊन या.